पालथा घातलेला कप

गीझर बंद करायचा दिवस आला की कुवेतमध्ये उन्हाळा लागला असं मी धरते. पंचांग, कॅलेंडर, टीव्हीवरचे तापमानाचे आकडे, कशाचीच गरज लागत नाही. एका सकाळी थंड पाण्याचा नळ सोडावा आणि हात पोळावा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभरातसुद्धा निवलेलं नसतं. मग आम्ही इथले मुरलेले लोक एक युक्ती करतो. गीझरचं बटण बंद करून टाकतो. घरात एसी अखंड चालूच असतो, त्या गारव्यात गीझरच्या पोटातलं पाणी दोन दिवसांत निवतं, आणि पुढचे चार महिने गरम नळाला गार पाणी आणि गार नळाला गरम पाणी येतं. पाहुणे हमखास चुकतात. आमच्या हॉस्पिटलात नवीन नर्स आली की वॉर्ड दाखवायच्या आधी मी तिला हे सांगते, कारण पहिल्याच आंघोळीला भाजलं की पोरगी आठवडाभर घरच्या आठवणीने रडत बसते.

यंदाही परवा गीझर बंद केला. आणि दर वर्षीप्रमाणे त्याच वेळी मला आयर्लंडमधल्या एका गावातला ओला रस्ता आठवला. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध इतकाच, की एका उन्हाळ्यात मी इथला गीझर बंद करून तिथल्या उन्हाळ्यात गेले होते आणि तिथे दहा दिवस स्वेटर घालून हिंडले. यंदा ती आठवण जरा जास्तच चिकटून बसली आहे, कारण हॉलमध्ये मोठी बॅग उघडी पडली आहे. ती माझी मुलगी मुक्ता हिची आहे. बारावी झाली, पुण्याला कॉलेजात प्रवेश मिळाला, गुरुवारचं विमान आहे.

मुक्ता पाच महिन्यांची असताना मी तिला घेऊन कुवेतला आले. ब्याण्णव साल. लढाई संपून वर्षच झालं होतं, हॉस्पिटलांना माणसं हवी होती, आणि देवरुखच्या सरकारी दवाखान्यातल्या माझ्या पगारात विजयचा आणि माझा संसार काही उभा राहत नव्हता. विजय ड्राफ्ट्समन. त्यालाही सहा महिन्यांत इथल्या एका बांधकाम कंपनीत काम मिळालं. सालमियात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तोच अजून आहे. खिडकीतून समुद्र दिसतो असं आम्ही गावाला सांगतो. दिसतो, पण त्यासाठी बाल्कनीत एका कोपऱ्यात उभं राहून मान बाहेर काढावी लागते.

उन्हाळ्यातला इथला रस्ता मला अजूनही चमत्कारिक वाटतो. दुपारी खाली पाहावं तर एक माणूस नाही. मांजरं गाड्यांखाली. सगळं शहर काचेच्या आत राहतं, आणि रस्ता हा फक्त एका एसीतून दुसऱ्या एसीत जाण्यापुरता असतो. सणसुद्धा इथे रस्त्यावर उतरत नाहीत. फेब्रुवारीत राष्ट्रीय दिनाला समुद्रकाठच्या रस्त्यावर जत्रेसारखी गर्दी होते खरी, पण ती गाड्यांची. खिडक्यांतून पोरं अर्धी बाहेर लोंबकळतात, एकमेकांवर फेस उडवतात, पण पाय कुणी खाली टाकत नाही. आमचा गणपती तर हॉलच्या कोपऱ्यात, खिडक्या लावून. जलीबला, जिथे एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात, तिथे आमच्याकडचे सुतार, प्लंबर शुक्रवारी भजन करतात. त्यांच्या खोलीत मी एकदा आरतीला गेले होते. झांजांना रुमाल गुंडाळलेले होते. आवाज बाहेर जाऊ नये, शेजाऱ्यांना त्रास नको, उगाच कुणी काही विचारायला नको. थप-थप अशा त्या झांजा ऐकून मला हसू आलं होतं आणि मग आपण का हसलो याचं वाईट वाटलं होतं.

दोन हजार दोन सालच्या वसंतात आयर्लंडची माणसं नर्स निवडायला कुवेतला आली. एका हॉटेलात मुलाखती झाल्या. आमचा निम्मा वॉर्ड गेला, म्हणून मीही गेले. खरं सांगायचं तर सोबत म्हणून गेले, जशा बायका एकमेकींच्या सोबतीने साडीच्या दुकानात शिरतात. आणि पत्र आलं ते माझं. दोन वर्षांचा करार, पुढे वाढणार, नवऱ्याला आणि मुलीला नेता येईल, काही वर्षांनी तिथलं नागरिकत्वही मागता येईल. ऑगस्ट संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं.

कुवेतमध्ये आम्ही कितीही वर्षं राहिलो तरी पाहुणेच. हे काही कुणी वाईट बोलून सांगत नाही, नियमच तसा आहे. नोकरी आहे तोवर बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, आणि बताका आहे तोवर आपण. पोलीस कुठेही थांबवून ते मागू शकतात, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर आणायला जातानाही पर्समध्ये ते आहे ना, हे मी चाचपून बघते. अशा माणसाला ते पत्र आलं होतं. आनंदाने नाचायला हवं होतं. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि कणीक मळायला घेतली.

विजय म्हणाला, "जाऊन बघून ये."

"बघायला काय आहे? लोक जातातच की."

"तू दीडशे रुपयांच्या साडीचाही पदर उलगडून बघतेस. इथे तर सगळा जन्म न्यायचा आहे."

त्या वर्षी मी सुट्टीत देवरुखला गेले नाही. आई फोनवर म्हणाली, "फणस सगळे शेजारी गेले गो यंदा," आणि एवढंच बोलून तिने फोन ठेवला. मुक्ताला घेऊन मी आयर्लंडला गेले, मंगलकडे.

मंगल माझ्याच वॉर्डातली, आदल्या वर्षी तिकडे गेलेली. लातूरकडची पोर, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. नवरा आणि तीन वर्षांचा मुलगा अजून लातूरला होते, त्यांच्या व्हिसाची वाट बघत होती. बसच्या थांब्यावर ती आम्हाला न्यायला आली ती लाल रेनकोट घालून. कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती तरी मुक्ताला तिने उचललंच.

"किती वाळलीस गं ताई! आन् हे काय, चपला घालून आलीस? इथं चपला न्हाईत चालत. बोटं गळून पडतेल."

त्या गावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. मधून नदी, नदीवर दगडी पूल, पुलाच्या अलीकडे हॉस्पिटल आणि पलीकडे एकच मोठा रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं एकमेकांना चिकटून, एक पिवळं, एक निळं, एक गुलाबी. मी त्यांना मिठायांचं दुकान म्हणत असे. मला सगळ्यांत नवल वाटलं ते खिडक्यांचं. उघड्या होत्या. हवा आत येत होती, पडदे हलत होते. मी पहिल्या दिवशी मंगलच्या खोलीची खिडकी अर्धा तास नुसती उघडत-लावत बसले.

आम्ही पोचलो त्याच आठवड्यात गावाचा उन्हाळी उत्सव होता. शनिवारी सकाळी मोठा रस्ता गाड्यांना बंद झाला. या घरापासून त्या घरापर्यंत पताका लागल्या. लोकांनी घरातल्या खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, एका म्हाताऱ्या बाईने तर गाद्या-गिरद्यांचा आरामसोफाच दोन मुलांकडून उचलून आणवला आणि फुटपाथवर त्यात बसली. एका ट्रेलरवर तीन माणसं फिडल वाजवत होती. जुने ट्रॅक्टर धुऊनपुसून रांगेत उभे होते आणि बापेमाणसं हात मागे बांधून त्यांच्याकडे बघत होती. कुत्र्यांची स्पर्धा होती, त्यात सर्वांत छान शेपटी हलवणाऱ्या कुत्र्याला बक्षीस. पुलावरून शेकडो पिवळी प्लॅस्टिकची बदकं नदीत ओतली आणि सगळा गाव काठाने ओरडत त्यांच्याबरोबर पळाला. कुणाचं बदक कुठलं ते कसं कळतं, असं मी एका बाईला विचारलं. ती म्हणाली, खाली नंबर असतो, पण तो कुणी बघत नाही.

मला या उत्तराचं फार कुतूहल वाटलं. अजून वाटतं. जिंकणार कोण हे ठाऊक नसताना एवढं ओरडायचं कशासाठी?

पाऊस येत होता, जात होता. पाऊस म्हणावा असाही नाही, गुलाबदाणीतून उडतो तेवढा. कुणी आत पळत नव्हतं. सोफ्यातल्या बाईने डोक्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि गप्पा चालू ठेवल्या. मग दुपारी ऊन पडलं. खरंखुरं, स्वच्छ, पिवळं ऊन. आणि सगळ्या रस्त्याने एकदम 'आ' केलं. कोट निघाले, तोंडं वर झाली, पोरांनी सदरे काढून फेकले. मी मात्र मुक्ताचा हात धरून तरातरा औषधांच्या दुकानाच्या छपराखाली गेले आणि सावलीत जाऊन उभी राहिले. दहा वर्षांची सवय. ऊन दिसलं की सावली गाठायची, हे आता माझ्या पायांनाच कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही. थोड्या वेळाने बघते तर अख्ख्या रस्त्यावर सावलीत आम्ही दोघीच. समोर सगळा गाव उन्हात.

तेवढ्यात एक उंच म्हातारा गर्दीतून थेट आमच्याकडे यायला लागला. अंगात पिवळंधमक जाकीट, हातात पाटी आणि कागद, कानाशी वायरलेस. डोळ्याला डोळा भिडवून, सरळ माझ्याचकडे. आपण चुकीच्या जागी उभ्या आहोत का? ही जागा कुणाची आहे? तो दोन हातांवर आला आणि तोंड उघडणार, त्याआधीच माझा हात पर्समध्ये गेला होता आणि मी माझा कुवेतचा बताका त्याच्यापुढे धरला होता.

त्याने तो घेतला. खिशातून चष्मा काढला, चढवला. एक बाजू वाचली, मग दुसरी, अरबी अक्षरं उलटसुलट धरून पाहिली. मग फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"फोटो छान आलाय," तो म्हणाला. "पण तुम्ही मला हे का दाखवताय?"

मुक्ताच म्हणाली, "शी थिंक्स यू आर पोलीस."

म्हातारा इतक्या जोरात हसला की फिडलवाल्यांनी वळून पाहिलं. "मी? मी या गावचा पोस्टमन होतो! लोकांची कागदपत्रं बघत नव्हतो, नुसती पोचवत होतो." त्याने कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. डोनल त्याचं नाव. उत्सवाला सगळ्यांत लांबून आलेल्या पाहुण्याला बेकरीचा मोठा केक द्यायची त्या गावात रीत होती, आणि डोनल सकाळपासून पाटी घेऊन अनोळखी चेहऱ्यांच्या मागे हिंडत होता. "आणि तुम्ही तर लपून बसल्या आहात," तो म्हणाला.

एका दाराची फळी दोन पिंपांवर आडवी टाकून तिच्यावर जगाचा नकाशा ठोकला होता. ज्याने त्याने आपल्या गावावर टाचणी लावायची. मग डोनल एक सुतळी घेऊन त्या टाचणीपासून आपल्या गावापर्यंत ताणायचा आणि सुतळीला गाठ मारायचा. आतापर्यंतची सर्वांत लांब गाठ शिकागोहून आलेल्या एका गृहस्थाची होती. हिरवी टोपी घालून तो केकच्या शेजारीच उभा होता, पहारा दिल्यासारखा. मी कुवेतवर टाचणी लावली. कुवेत त्या नकाशावर इतकं लहान, की टाचणीच्या डोक्याखाली सगळा देश झाकला गेला. सुतळी ताणली. शिकागोच्या गाठीला चांगली वीतभर कमी पडली.

मंगल हॉस्पिटलच्या नर्सांच्या स्टॉलवर कांदाभजी तळत होती. गर्दी का जमली म्हणून ती झारा हातात घेऊनच धावत आली आणि सगळा प्रकार कळल्यावर तिथूनच ओरडली, "इंडिया! शी इज फ्रॉम इंडिया! ताई, काय करायलीस तू? देवरुख सांग की! कुवेत कामून सांगायलीस?"

डोनलने सुतळी कोकणावर नेली. शिकागोच्या गाठीच्याही दोन बोटं पुढे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरवी टोपी म्हणाली, हे बरोबर नाही. डोनलने हात वर केला. असं भांडण पूर्वीही झालेलं होतं म्हणे. शेजारच्याच गावात राहणारा एक माणूस आपण न्यूझीलंडमध्ये जन्मलो म्हणून सलग तीन वर्षं केक घेऊन गेला. तेव्हापासून समितीने नियम करून टाकला होता. डोनलने तो पाटीवरच्या कागदातून मोठ्याने वाचला. कुठे जन्मलात ते नाही, पासपोर्ट कुठला तेही नाही. तुम्ही इथून परत जाल तेव्हा तुमचा स्वतःचा चहाचा कप जिथे धुऊन पालथा घातलेला असेल, ते तुमचं गाव.

"तर बाई," डोनल म्हणाला, "तुमचा कप कुठे आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. देवरुखला आईकडे मी जाते तेव्हा मला पाहुण्यांच्या कपांतला कप मिळतो, काचेच्या कपाटातला, सोनेरी काठाचा. आई तो मुद्दाम काढते. माझा कप निळ्या पट्ट्यांचा, दांडीला टवका उडालेला, सालमियाच्या जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी भांडारातून घेतलेला. निघायच्या दिवशी सकाळी चहा पिऊन मी तो धुतला होता आणि ओट्यावरच्या जाळीत पालथा घातला होता, विजयच्या कपाशेजारी. मला तो अगदी डोळ्यांसमोर दिसला. त्याच्या बुडाला साठलेलं थेंबभर पाणीसुद्धा दिसलं.

"कुवेत," मी म्हणाले.

केक शिकागोला गेला. मंगलने कपाळावर हात मारला, झारा असलेला, त्यामुळे तेल लागलं. हिरव्या टोपीने लगेच केक कापला आणि पहिला तुकडा मुक्ताला दिला. माणूस वाईट नव्हता.

तिकडे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो. जेवणं झाल्यावर मंगल आणि मी नदीकाठच्या बाकावर बसलो होतो, मुक्ता वाहून आलेली बदकं काठीने गोळा करत होती. मंगल म्हणाली, "तू न्हाई येणार. मला कळलंय."

"असं कुठे म्हटलं मी?"

"तिथं म्हणलीस की, सगळ्या गावासमोर." तिने शालीचा पदर डोळ्यांना लावला. "वरीस झालं मी वाट बघायले, ताई येईल, ताई येईल. माझा कप विचारशील तर तो लातूरलाच हाय. इथं मी ग्लासात पिते चहा. मुद्दाम घेतला न्हाई कप. पोरगं आल्यावर घ्यायचा म्हणलं."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं. उत्तर मात्र त्या दिवशी दिलं नाही. खरंच माझं ठरलेलं नव्हतं. तो रस्ता मला फार आवडला होता. ज्या रस्त्यावर खुर्ची आणून बसता येतं, जिथे जाकीटवाला माणूस कागद मागायला नाही तर तुमचं गाव विचारायला येतो, अशा जागी आपली मुलगी वाढावी असं कुठल्या आईला वाटणार नाही?

परत आलो तेव्हा ऑगस्टचा पहिला आठवडा होता. कुवेतला विमानाचं दार उघडलं आणि भट्टीचं झाकण काढल्यासारखी हवा तोंडावर आली. आणि माझ्या मनात आलं, आले घरी. अगदी हेच शब्द. त्याची मला तेव्हा लाज वाटली होती. ज्या देशात आपण पाहुण्या आहोत, जिथे झांजांना रुमाल बांधतो, तिथल्या वाफेला घर म्हणायचं म्हणजे मनाने परस्पर कुणाच्या तरी कागदावर सही केल्यासारखं झालं. घरी पोचल्यावर मी आधी स्वयंपाकघरात गेले. विजयने माझा कप हलवलेला नव्हता. त्यावर धुळीचा पातळ थर होता, मधे एक वादळ होऊन गेलं होतं. तो धुतला, चहा केला.

"काय ठरवलंस?" विजयने विचारलं.

"मुक्ताची शाळा बदलायची, तुझी नोकरी सुटणार..."

"ही कारणं इथूनही देता आली असती. विमानाचं तिकीट कशाला काढलं?"

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही, कारण ते मलाच नीट माहीत नव्हतं. आज वाटतं, मी कंटाळले होते. पस्तिशीत पुन्हा नवा रस्ता, नवी भाषा, नवीन लोकांना पुन्हा आपलं नाव शिकवायचं. एकदा केलं होतं ते सगळं, देवरुखहून इथे येताना, कडेवर तान्हं मूल घेऊन. एका माणसाच्या अंगात तेवढं दोनदा नसतं. निदान माझ्यात नव्हतं. महिनाअखेरीला मी नाही असं कळवून टाकलं.

मंगलचा नवरा आणि मुलगा पुढच्या वर्षी तिच्याकडे गेले. तिने फोनवर आधी बातमी दिली आणि मग म्हणाली, "तीन कप आणले गं आज." गेल्या हिवाळ्यात पुन्हा फोन आला. त्यांना तिथलं नागरिकत्व मिळालं. मुलगा आता शाळेच्या संघात हर्लिंग का काहीतरी खेळतो, आणि त्या उत्सवात बदकं ओतायला पुलावर उभा असतो. मंगल टोमणा मारायला फोन करणारी बाई नाही. ती आनंदाने सांगत होती आणि मीही आनंदाने ऐकलं. फोन ठेवल्यावर मात्र मी बाल्कनीत गेले आणि मान बाहेर काढून समुद्र बघत उभी राहिले.

कारण मुक्ता तेव्हा बारावीला होती. आणि इथे आमच्या मुलांचा रस्ता बारावीला संपतो. पुढे शिकायचं तर बहुतेकांना जावंच लागतं, आणि एकदा गेलं की परत येतात ते सुट्टीला, पाहुण्यासारखे. पाच महिन्यांची आलेली पोर. चालायला शिकली ती या फरशीवर. पुण्याच्या कॉलेजचा अर्ज भरताना 'मूळ गाव' या रकान्यापाशी ती अडली. "आई, व्हॉट डू आय राइट?" विजयने देवरुख लिहायला सांगितलं. तिने लिहिलं. मग म्हणाली, "बट आय हॅव बीन देअर लाइक, नऊ वेळा." आणि मी ताटं पुसत होते ती पुसतच राहिले. एका 'हो'ने तिला एक गाव मिळालं असतं, कायमचं, कुणी परत न मागण्यासारखं. सगळ्या गावासमोर खरं बोलायची हौस मला तेव्हाच का आली? कप माझा होता. गाव मात्र तिचं गेलं. गेले सहा महिने मी हेच उगाळते आहे, आणि विजयजवळही हे बोललेले नाही.

काल संध्याकाळी ती बॅग भरत होती. मी याद्या वाचून दाखवत होते, ती "येस, येस" करत होती. दूध पिऊन झालं, आणि तिने आपला मग धुतला. हत्तीचं चित्र असलेला, दुसरीत असताना जमियातून हट्टाने घेतलेला. हत्तीची सोंड आता घासून घासून गेली आहे.

मी म्हटलं, "तो दे इकडे. पेपरात गुंडाळते, स्वेटरमध्ये नीट बसेल."

"नको." तिने तो जाळीत पालथा घातला.

"अगं, हॉस्टेलवर दूध कशात पिशील?"

"आय विल बाय समथिंग. हा इथेच राहू दे." आणि मग माझ्याकडे न बघता, हात पुसत म्हणाली, "तो केकवाला रूल आठवतो ना तुला? दॅट ओल्ड मॅन?"

मला वाटत होतं ती तेव्हा बदकांकडे बघत होती. दहा वर्षांची होती. इतकी वर्षं तिने त्यातला एक शब्दही कधी काढला नव्हता.

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, पण नर्सला दुसऱ्याचं रडू लपवता येतं, स्वतःचं नाही. ती जवळ आली. मी म्हणाले, "मुक्ता, आम्ही तरी इथे कुठे कायमचे आहोत? बाबाचं कॉन्ट्रॅक्ट अजून तीन वर्षं. मग आम्हालाही हे सगळं आवरावंच लागणार."

"आय नो," ती म्हणाली. "तेव्हा माझा मगही घेऊन या. टिल देन मी इथली."

तिच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं. समितीचा नियमच तसा होता. मी माझा निळ्या पट्ट्यांचा कप उचलला, चहाचा उरलेला घोट संपवला, आणि गरम पाण्याच्या नळाखाली, गार पाण्याने, तो धुऊन तिच्या मगाशेजारी पालथा घातला.